ढिला सोडलेला हात

एका बाजारगावात द्वारका नावाची कासारीण राहायची. बांगड्या भरण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. कितीही रुंद पंजाची बाई येवो, द्वारका तिचा हात आपल्या हातात घ्यायची, बोटं जवळ चेपायची आणि म्हणायची, "हात ढिला सोड गं बाई. ताठ केलास तर काच फुटेल आणि तुलाच लागेल." बाई हात ढिला सोडायची आणि बांगडी सर्रकन मनगटात जायची. बाईला स्वतः काही करावंच लागत नसे.

तिला एकच लेक होती, मंजुळा. त्या वर्षी मंजुळा पहिलीत बसली. पोरीचं अक्षर वर्गात उठून दिसलं पाहिजे, असं द्वारकेनं आधीच ठरवून टाकलं होतं. त्याला कारण होतं. भिंतीला भिंत लागून तिची थोरली जाऊ राहायची. तिला सगळे अक्का म्हणत. अक्कांचा बंडूही त्याच वर्गात होता. अक्का रोज सकाळी त्याची पाटी नाचवत यायच्या. "बघ गं द्वारके, आमच्या बंडूचं अक्षर! जसं काही छापलंय!" रोज उठून हे ऐकायचं म्हणजे कुणाचंही डोकं फिरेल.

संध्याकाळी दुकान आवरलं की द्वारका लेकीला घेऊन बसायची. "हं, काढ ग." मंजुळा पेन्सिल धरायची. एक उभी काठी काढायची. मग आकडा कुठल्या बाजूला काढायचा, याचा विचार करत आढ्याकडे बघायची. मग पायाचं बोट खाजवायची. मग विचारायची, "आई, पालीला शेपूट परत येतं का गं?"

"अगं, ग काढ ग! पालीचं काय घेऊन बसलीस?"

चुलीवर भाजी करपायला आलेली, कणीक तशीच पडलेली, आणि या बाईसाहेबांचा एक ग काही पुरा होईना. द्वारकेला ते बघवेना. तिनं सरळ पोरीचा हात आपल्या मुठीत घेतला. "हात ढिला सोड. ताठ करू नकोस." आणि झरझर ग, म, भ, न! बघता बघता पाटी भरली. अक्षर कसं, मोत्यासारखं. पोरगी खूश, आई खूश, आणि भाजीही वाचली.

मग काय, रोजचंच झालं. मंजुळा पाटी घेऊन यायची, हात पुढे करायची आणि पालीकडे बघत बसायची. अभ्यास आपोआप व्हायचा. शाळेत बाईंनी पाटीवर "छान" लिहिलं, तेव्हा द्वारका ती पाटी घेऊन मुद्दाम अक्कांच्या दारावरून दोनदा गेली.

एक दिवस बाईंनी सगळ्या मुलांच्या पाट्या पुसायला लावल्या. म्हणाल्या, "आता माझ्यासमोर लिहा. ग काढा." सगळी पोरं खाली माना घालून लिहायला लागली. मंजुळेनं मात्र हात पुढे केला आणि तशीच बसून राहिली.

बाईंना वाटलं, पोर छडीला घाबरली. त्या म्हणाल्या, "हात का पुढे केलास? मी मारणार नाही गं."

"मारू नका. धरा," मंजुळा म्हणाली.

अख्खा वर्ग खो खो हसला. सगळ्यात मोठ्यानं बंडू हसला. मंजुळेला कळेना, आपलं चुकलं काय. ती घरी आली ती तोंड पाडूनच. दुसऱ्या दिवशी तिचं पोट दुखायला लागलं. तिसऱ्या दिवशी डोकं. मग तिनं सांगूनच टाकलं, "मला काही येत नाही. मी शाळेत जाणार नाही."

इकडे बाईंनी द्वारकेला बोलावून घेतलं. द्वारका मंजुळेला घेऊन तणतणत गेली. "बाई, असं कसं होईल? घरी तर ही पाटीच्या पाटी भरते!"

"कोण भरतं?"

"हीच भरते. मी आपला नुसता हात धरते."

बाईंनी कपाळाला हात लावला. "द्वारकाबाई, तुमचा हात फार सुरेख आहे हो. पण पहिलीत तुमचं नाव नाही घातलेलं! अशीच राहिली तर पोरीला पुढच्या वर्षी परत पहिलीत बसवावं लागेल."

द्वारकेनं पाटी मंजुळेपुढे आदळली. "काढ! बाईंना दाखव काढून!"

मंजुळेनं हात पुढे केला. रडवेली होऊन म्हणाली, "धर ना आई. बघ, मी किती ढिला सोडलाय."

हे ऐकलं मात्र, द्वारकेला लख्ख कळलं. तिनं जे शिकवलं होतं, ते पोर अगदी बरोबर शिकली होती.

बाई म्हणाल्या, "रोज तिच्याजवळ बसत जा. चुकलं तर सांगा, विचारलं तर दाखवा. पण हात तिचा तिला वापरू द्या."

सांगायला काय जातं! त्या दिवसापासून द्वारकेच्या हालांना पारावार राहिला नाही. मंजुळा ग काढायची, तो पाठमोरा. भ काढायची, त्याचं पोट फुगलेलं. न असा आडवा, की म्हशीनं बसकण मारावी. आणि एकेक अक्षर काढायला वेळ इतका, की तेवढ्यात द्वारकेच्या चार भाकऱ्या झाल्या असत्या. तिचे हात नुसते शिवशिवायचे. "अगं इकडून... अगं तिकडून... देवा रे देवा!" ती हात मांडीखाली दाबून बसायची. ते जमेना, तेव्हा बांगड्या निवडायला घेतल्या. पण चिडक्या हातांनी कुठे काच निवडतात? कट्कन बांगडी मोडायची आणि मंजुळा दचकून विचारायची, "आई, माझं चुकलं का?"

"नाही गं बाई. माझंच चुकलं. तू काढ," द्वारका दात आवळून म्हणायची. पण उठून जायची नाही. रोज बसायची, रोज वैतागायची, आणि पोर पुन्हा पाटी पुसून लिहायला लागायची. मंजुळेचं पोट दुखायचं मात्र थांबलं. ती शाळेत जायला लागली.

असं करता करता दसरा आला. घरोघरी पाटीपूजन. पोरांनी पाटीवर एकाचे आकडे काढून सरस्वती मांडायची आणि पाटी देवापुढे ठेवायची. अक्कांच्या ओटीवर दोन्ही घरांची पूजा असे. बंडूची पाटी आधीच येऊन बसली होती. तिच्यावरची सरस्वती अशी देखणी, की रांगोळीवाल्यानं हात जोडावेत.

मंजुळेनं आपली पाटी आणून ठेवली. एकाचे काही आकडे उभे, काही तिरपे, खालचे सपशेल आडवे.

"हे असे का गं?" द्वारकेनं हळूच विचारलं.

"ते दमलेत. झोपलेत," मंजुळा म्हणाली.

अक्कांनी पाटीवर वाकून पाहिलं. "अगंबाई! शेवया सांडल्यात की काय पाटीवर?"

ओटीवर शेजारणी जमलेल्या. सगळ्या फिस्सकन हसल्या. द्वारकेचे कान तापले. एवढे दिवस दाबून ठेवलेला वैताग एका क्षणात उसळून आला. तिनं ओलं फडकं उचललं. "आण ती पाटी. पुसते आणि नवीन काढू. चल, दे हात!"

मंजुळेनं पाटी उचलून छातीशी घट्ट धरली. आकड्यांचा खडू फ्रॉकला लागला, तरी सोडली नाही.

"नाही देणार. माझा हात आहे!"

द्वारकेला आधी रागच आला. चारचौघींत आईला उलट बोलते म्हणजे काय? एक धपाटा द्यावा म्हणून ती पुढेही झाली. मग तिला दिसलं, पोरीची बोटं पाटीच्या लाकडी चौकटीवर कशी रुतली होती. महिनाभरापूर्वी हीच पोर म्हणत होती, मला काही येत नाही. द्वारकेचे डोळे भरून आले. तिनं फडकं खाली टाकलं.

मग तिनं मंजुळेला पुढे घेतलं, पाटी देवापुढे अगदी मधोमध ठेवायला लावली, वर हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. आणि मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अक्का, शेवया नाहीत त्या. सरस्वती आहे. माझ्या मंजुळेनं काढलीय, एकटीनं." थोडं थांबून तिनं विचारलं, "बंडूची कुणी काढली हो?"

अक्का एकदम आपट्याची पानं नीट करायला लागल्या. बंडूनं मात्र खणखणीत आवाजात सांगितलं, "आईनं!"

तात्पर्य: शिकणाऱ्या लेकराजवळ रोज बसावं, हवं तर मनातल्या मनात शंभर वेळा वैतागावं, पण त्याचं काम आपण करू नये. आपण काढलेलं सुबक अक्षर आपलंच राहतं, आणि लेकरानं काढलेलं वाकडं अक्षर त्याला जन्मभर पुरतं.