खोकणारी घंटी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, कारण आपल्या आज्याच्या आज्यानंसुद्धा ती ऐकलेलीच होती, पाहिलेली नव्हती. घाटमाथ्यावर सावरखिंड नावाचं धनगरांचं गाव. तिथं सटवाजी ओतारी राहायचा. म्हशींच्या गळ्यातल्या घंट्या ओतायचा. मातीच्या साच्यावर मेण चढवायचं, मेणावर पुन्हा माती, मग भट्टीत मेण वितळून जायचं आणि त्या जागी कासं शिरायचं. बापानं शिकवलेलं काम.

त्या मुलखात धुकं असं पडतं, की म्हशीच्या पाठीवर हात ठेवावा आणि म्हैस दिसू नये. माणसं गुरं ओळखायची ती कानानं. म्हणून पोर गुरांमागे जायच्या वयाचं झालं, की आईबाप त्याला सटवाजीच्या छपरात आणायचे. आढ्याला घंट्या टांगलेल्या असायच्या. पोरानं एकेक वाजवायची. सटवाजी पोराच्या हाताकडे बघत नसे, तोंडाकडे बघे. एखाद्या घंटीला पोराचं तोंड असं व्हायचं, जणू कुणी त्याला लांबून हाक मारली. सटवाजी म्हणायचा, "हीच रे बाबा तुझी."

आणि ती जन्मभर त्याचीच व्हायची. ज्याला घुमणारी मिळाली तो पुढं ढोलामागं वेडा झाला. जिला बारीक, किणकिणती मिळाली तिला पाव्याशिवाय काही गोड लागेना. लेक लांब नांदायला गेली, तरी पाळणा म्हणायची तो आपल्या घंटीच्या सुरात, आणि वाटेनं जाणारा थबकून म्हणायचा, ही सावरखिंडीची दिसते. असं म्हणतात.

पण एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. ओताऱ्याच्या घरी गुरं नव्हती, त्यामुळं सटवाजीला लहानपणी कुणी घंटी निवडायला लावलीच नव्हती. हजार घंट्यांमध्ये वाढलेला माणूस, पण त्याची अशी एकही नाही.

मग केस पिकल्यावर तो एकदा घाट उतरून खाली जत्रेला गेला. तिथल्या देवळातली मोठी घंटा कुणीतरी वाजवली, आणि सटवाजीचं तोंड पोरासारखं झालं. जत्रा उठली, पालं उतरली, दुकानं गेली, तरी हा घंटेखाली बसून. पुजारी म्हणाला, "बाबा, दर्शन झालं की, आता घरी जा." सटवाजी म्हणाला, "माझं आत्ता कुठं सुरू झालंय."

घरी आला तो त्याचे कान बदललेलेच. आपण ओतलेल्या, बापानं ओतलेल्या सगळ्या घंट्या त्याला बोबड्या वाटायला लागल्या. तो दारोदार गेला. "द्या तुमच्या घंट्या. असा सूर ऐकवतो की देव खाली उतरेल." लोकांचा त्याच्यावर जीव. त्यांनी काढून दिल्या.

गावात ठकूआक्का नावाची म्हातारी होती. डोळे गेलेले, घरात दुसरं कुणी नाही, मंजुळा नावाची एक म्हैस तेवढी. मंजुळेच्या गळ्यातली घंटी ठकूआक्कानं पोरवयात सटवाजीच्या बापाकडून घेतलेली. कधीतरी दगडावर आपटून तिला चीर गेली होती. ती आधी ढण्ण करायची आणि मागून खोकायची. गाव तिला खोकणारी घंटी म्हणे. ठकूआक्कानं ती देताना जरा हात आखडता घेतला. "सटवा, हिला राहू दे की रे."

"आक्का, फुटकं भांडं ते. त्याच्यावर काय जीव लावायचा?"

तिनं दिली. सटवाजीनं सगळ्या घंट्या एकाच मुशीत वितळवल्या आणि सगळ्या एका सुराच्या ओतल्या, त्या देवळातल्या घंटेच्या. पहिल्या संध्याकाळी गुरं डोंगर उतरली तेव्हा सगळं रान देऊळ झालं. सटवाजी वाटेत उभा राहून रडला. त्याला वाटलं, झालं, जन्माचं सार्थक झालं.

पुढं धुकं आलं.

बिरू झोरे तणतणत आला. "सटवाजीबाबा, काल माझ्या गोठ्यात धोंडूची म्हैस निघाली! आणि कळलं कधी, तर दूध पिऊन झाल्यावर!" लोक हसले. सटवाजीही हसला. पण हळूहळू गावात कुणी गुणगुणेना. नवी पोरं छपरात यायची, एक घंटी वाजवायची, दुसरी वाजवायची, आणि विचारायची, "यातली कुठली घेऊ?" सटवाजी त्यांच्या तोंडाकडे बघायचा. तोंडावर काही उमटायचं नाही.

आणि ठकूआक्का रोज तिन्हीसांजेला फाटकाशी उभी असायची. म्हशी पुढून जायच्या, सगळ्या एकच बोलणाऱ्या. ती प्रत्येकीला विचारायची, "मंजुळे, तू का गं?" मंजुळाही बावचळली होती. कधी या दारात शिरायची, कधी त्या.

सटवाजीनं हे एकदा पाहिलं, आणि त्याला अन्न गोड लागेना. तो म्हणाला, "आक्का, तुझी घंटी मी परत देतो. कशी वाजायची ते सांग."

ती म्हणाली, "ढण्ण म्हणायचं, आणि शेवटाला थोडं खोकायचं."

त्यानं ओतली. "नाही रे लेका." पुन्हा ओतली, तिला मुद्दाम चीर पाडली. "जवळ आलास, पण ही दुसऱ्या कुणाची." असं किती वेळा झालं त्याला गणती नाही. म्हातारी वाळत चालली, आणि ती घंटी काही येईना. शेवटी ती अंथरुणावरून म्हणाली, "सटवा, तुझ्या कानाला बरं लागतं तेच तुझ्या हातून निघतंय. माझ्या घंटीत तुझ्या कानाचं काय काम?"

सटवाजी घरी गेला. साच्यासाठी ठेवलेलं मेण घेतलं, ऊन केलं आणि दोन्ही कानांत गच्च भरलं. मग भाता ओढला. त्या दिवशी त्यानं घंटी ओतली ती न ऐकता. असं म्हणतात, की त्या दिवशी कासं पाण्यासारखं निवळ झालं होतं आणि त्यात ठकूचं पोरवयातलं तोंड दिसत होतं.

घंटी निवल्याबरोबर त्यानं ती मंजुळेच्या गळ्यात बांधली. धुकं दाट होतं. मंजुळेनं मान हलवली, कान टवकारले, आणि गावातली सगळी दारं सोडून सरळ ठकूआक्काच्या फाटकात जाऊन उभी राहिली. सटवाजी मागून पळत आला. त्याला स्वतःला काही ऐकू येत नव्हतं. त्याला फक्त म्हातारीचं तोंड बघायचं होतं.

ठकूआक्का उंबऱ्यावर बसली होती. तोंड फाटकाकडे, एक हात पुढं केलेला. श्वास थांबलेला.

ती ऐकून गेली, की ऐकण्याआधी गेली? सटवाजीनं सगळ्यांना विचारलं. बिरूला विचारलं, शेजारणीला विचारलं. कुणी खुणेनं सांगितलं ती हसत होती, कुणी सांगितलं तिचं तोंड नेहमीच तसं होतं. त्यानं कानांतलं मेण पुढं काढलंच नाही. आपण ओतलेली ती घंटी कशी वाजते, ते त्याला मरेपर्यंत कळलं नाही. तरी तसाच, बहिऱ्या कानांनी, तो उरलेलं आयुष्य घंट्या ओतत राहिला, एकीसारखी दुसरी नाही. गाव पुन्हा गुणगुणू लागलं म्हणतात. त्याला ते लोकांच्या हलत्या ओठांवरून तेवढं दिसायचं.

आता सावरखिंडीत ओतारी नाही, घंट्या बाजारातून येतात. पण पोरासाठी घंटी घ्यायची तर वेगवेगळ्या आणून अजून त्या जुन्या छपराच्या जागी टांगतात, आणि जो कुणी पोराला घेऊन येतो तो दोन्ही बोटं कानांत घालून उभा राहतो. त्याला सटवाजीची बोटं म्हणतात. पोरानं वाजवायचं, मोठ्यानं नुसतं तोंड बघायचं.

पोरांना त्याची मजा वाटते. परवाच एक चिमुरडी घंटी वाजवून आज्याला विचारत होती, "आबा, ही चांगली आहे का?"

आणि कानांत बोटं घातलेला म्हातारा, बहिरी माणसं ओरडतात तसा ओरडला, "मला काय विचारतेस? वाजव, पुन्हा वाजव!"