रविवारची विहीर

एकदा एका विद्यार्थिनीचा प्रबंध पूर्ण झाला, आणि घोळ तिथूनच सुरू झाला.

विषय पर्यावरणशास्त्र, पदवी ऑनर्सची, वर्ष चौथे आणि शेवटचे. कॉलेजपासून दीड तासाच्या अंतरावर एक गाव होते आणि त्या गावात पिण्याच्या पाण्याची एकच सार्वजनिक विहीर होती. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत त्या विहिरीचे पाणी किती उतरते, हे तिने मोजायचे ठरवले. दर रविवारी सकाळी पहिल्या एसटीने जायचे, वजन बांधलेली टेप आत सोडायची, काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर वहीत टिपायचे आणि परत यायचे. असे चोवीस रविवार तिने एकही न चुकवता केले. मैत्रिणीचा साखरपुडा झाला, भाचीचे बारसे झाले, आणि ही विहिरीवर. तेव्हा तिच्या चिकाटीविषयी कोणी शंका घेऊ नये.

तिचे मार्गदर्शक वयोवृद्ध होते. निवृत्त होऊनही कॉलेजने त्यांना सोडले नव्हते, किंवा त्यांनी कॉलेजला. ज्ञानी माणसापाशी शांती असते असे आपण मानतो. या गृहस्थांपाशी ज्ञान विपुल होते, शांतीचा मात्र पत्ता नव्हता. पहिला मसुदा त्यांनी परत केला, कारण काही आकडे फुटांत होते आणि काही मीटरमध्ये. दुसरा परत केला, कारण संदर्भसूचीतली दोन साले चुकली होती. तिसरा परत आला तो डावीकडचा समास अपुरा म्हणून. प्रत्येक वेळी मुलगी दातओठ खात घरी गेली आणि दुरुस्ती करून परत आली.

चौथा मसुदा तिने एका मंगळवारी त्यांच्यापुढे ठेवला. प्रबंध सादर करण्याची अंतिम तारीख म्हणजे पुढचा गुरुवार. सरांनी सगळी पाने वाचली. आकड्यांच्या तक्त्यापाशी ते बराच वेळ थांबले, पुढे गेले, पुन्हा मागे आले. या वेळी त्यांनी लाल पेन उघडलेसुद्धा नाही. मुलीला वाटले, सुटले.

"उद्या बुधवार," सर म्हणाले. "त्या गावी जा. टेप नेऊ नकोस. घागर ने."

"घागर?"

"घरात असेल ना एखादी? विहिरीवर रांगेत उभी राहा, घागर भर, आणि कितवा नंबर लागला ते मला येऊन सांग."

"सर, आठ-नऊ दिवस राहिलेत. साहित्यचोरीच्या तपासणीचा दाखला अजून आलेला नाही. बाइंडिंगवाला दोन दिवस मागतोय. आणि मी घागर घेऊन एसटीत बसू?"

"मांडीवर घे. फार जागा लागत नाही तिला."

वाचकहो, या ठिकाणी तुम्ही मुलीच्या बाजूने असाल तर मीही तुमच्याबरोबर आहे. चार वर्षे शिकून, चोवीस रविवार जाळून शेवटी काय, तर पाणी भरून आण. तिने मैत्रिणीला फोन करून सरांना यथेच्छ नावे ठेवली. पण सही त्यांची लागणार होती, त्यामुळे बुधवारी सकाळी ती आईची घागर मांडीवर घेऊन निघाली. कंडक्टरने विचारलेच, हंडा कुठे चालला म्हणून.

ती पोहोचली तेव्हा साडेसात वाजले होते. दर रविवारी ज्या विहिरीवर चिटपाखरूही नसायचे, तिथे आज बायकांची ही गर्दी. पोहरे आदळत होते, दोरांना दोर घासत होते, नंबरावरून दोघींचे कडाक्याचे भांडण चालले होते. हिच्यापुढे तीस जणी होत्या. तासाभराने नंबर आला तेव्हा तिने काठावरून आत वाकून पाहिले. रविवारी मोजलेले पाणी तिथे नव्हते. खाली, पार तळाशी, गढूळ पाण्याचे एक डबके होते. बायकांकडून मागून घेतलेला दोर जात राहिला, जात राहिला, आणि पोहरा वर आला तो अर्धा चिखलाने भरून.

विहिरीला लागूनच हौसाबाईंचे घर होते. दर रविवारी मुलीला चहा त्याच पाजत. त्या पुढे आल्या.

"अगं ताई, बुधवारची कशी काय आलीस? आन् ही घागर कशापायी?"

"मावशी, रविवारी तर इथे कोणीच नसतं."

"रविवारी कशाला असंल? तुझं माप असतंय न्हवं? पैल्या खेपंलाच तू म्हनाली हुतीस, पाणी हललं की माप चुकतंय, दोर मधी येत्यात. मग आमी बायकांनीच ठरवलं. शनवारी दुपारपतोर रविवारचंबी पाणी भरून ठेवायचं. तू परत एसटीत बसलीस की मग पोहरा टाकायचा. एवढ्या लांबनं पोर येती, तिचा अभ्यास बिघडाय नको."

मुलगी घागरीकडे बघत उभी राहिली. तिच्या प्रबंधाचा शेवटचा निष्कर्ष असा होता: 'भर उन्हाळ्यातही या विहिरीत गावाला पुरेसे पाणी उपलब्ध असते.' हे वाक्य तिला फार आवडले होते. ते तिने ठळक अक्षरांत घेतले होते.

परतताच ती थेट सरांच्या खोलीत गेली आणि घागर टेबलावर ठेवली.

"एकतिसावा," ती म्हणाली. मग घडलेले सगळे तिने सांगितले, आणि सांगता सांगता तिचा तोल सुटला. "तुम्हाला माहीत होतं, सर. मग आधीच का नाही सांगितलंत? समासासाठी मला परत पाठवलंत आणि हे सांगितलं नाहीत?"

"माहीत असतं तर सांगितलं नसतं का?" सरही चिडले. "काल तक्ता नीट पाहिला तेव्हा शंका आली. चोवीस आकडे, शहाण्या मुलांसारखे एकामागोमाग एक खाली उतरताहेत. त्या गावात लग्न झालं नाही? जत्रा झाली नाही? कोणाकडे पाहुणे आले नाहीत? वापरातली विहीर असे आकडे देत नसते. आणि हे मला पहिल्याच मसुद्यात दिसायला हवं होतं. तेव्हा मी फूट आणि मीटर करत बसलो."

हे शेवटचे त्यांनी स्वतःवरच वैतागून म्हटले.

"परीक्षक काही विहिरीवर जाणार नाहीत," मुलगी हळूच म्हणाली. "आहे तसा दिला तर कोणाला कळणार नाही."

"नाही कळणार," सर म्हणाले.

ते रागावले असते तर तिला बरे वाटले असते. तिने मसुदा ओढून घेतला, शेवटचे पान उघडले, मिटले.

"पण यात गावाचं नाव आहे," ती म्हणाली. "पुरेसं पाणी आहे म्हणून मी लिहिलंय. उद्या कोणी हेच दाखवून त्यांचा टँकर नाकारेल. म्हणजे गेलंच की वर्ष."

"वर्ष कसं गेलं? तुझे आकडे खोटे नाहीत. जवळजवळ वीस तास कोणी हात न लावलेल्या विहिरीचे ते आकडे आहेत. तसं स्पष्ट लिही. हात का लावला नाही तेही लिही, आणि पहिल्या दिवशी तू काय बोललीस ते त्यातून गाळू नकोस. आपण अभ्यासाला जातो तेव्हा समोरची माणसंही आपल्याकडे पाहत असतात. आपल्याला काय हवंय हे त्यांना चटकन कळतं, आणि ती भली असली तर स्वतः त्रास सोसून तसं करून देतात. आपण तेच मोजतो आणि त्याला निसर्ग म्हणतो. उद्यापासून मंगळवारपर्यंत रोज जा. सहा आकडे मिळतील. ते लिही."

"सहा आकड्यांवर ऑनर्स मिळेल?"

"कदाचित नाही मिळणार," सर म्हणाले.

त्यांनी खोटा धीर दिला नाही, म्हणूनच बहुधा ती उठली. गुरुवारी विहिरीवर जाऊन तिने बायकांना सांगितले की माझ्यासाठी थांबू नका, रविवारीसुद्धा नेहमीसारखं पाणी भरा. हौसाबाईंचा चेहराच बदलला.

"आदी सांगायचं न्हाई व्हय? चोवीस शनवार आमी डोक्यावरनं दुप्पट पाणी वाह्यलं."

"चुकलं, मावशी."

"चुकलंच की." हौसाबाई दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. चहाही नाही. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांनी काठावरचे आपले दोन हंडे सरकवून टेपेपुरती जागा करून दिली.

रविवारी तिथे गर्दी उसळली होती. टेप दोरांत अडकली, पाणी एकसारखे हिंदकळत होते, आकडा काही केल्या स्थिर होईना. तिने तीन वेळा मोजले, तीनही वेळा वेगळे आले. शेवटी तिने वहीत 'तेहतीस फूट' असे लिहिले आणि त्याआधी एक शब्द घातला: अंदाजे. बाकीच्या पाचही आकड्यांआधी तोच शब्द आला. ठळक अक्षरांतले ते वाक्य तिने काढून टाकले, सहावे प्रकरण बायकांच्या शनिवारपासून नव्याने लिहिले, आणि पुढच्या गुरुवारी कॉलेजच्या बंद व्हायच्या बेतात असलेल्या खिडकीत प्रबंध दिला.

ऑनर्स तिला मिळाले, अगदी काठावर. मला मात्र सांगायची आहे ती तिची तोंडी परीक्षा. बाहेरून आलेले परीक्षक शिस्तीचे होते. त्यांनी तक्ता उघडला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"पहिले चोवीस आकडे इंचापर्यंत अचूक आहेत. शेवटच्या सहांपुढे मात्र तुम्ही 'अंदाजे' लिहिलं आहे. शास्त्रात असं चालतं का? टेप सरळ का धरली नाहीत?"

"सर, त्या वेळी बायका पाणी भरत होत्या."

परीक्षकांनी तक्त्यावरचे बोट उचलले. पाने उलटून ते सहावे प्रकरण सुरुवातीपासून वाचू लागले.