महाराजांच्या गोठ्यातला गुन्हेगार

महाराज प्रचंडसेनांच्या गोठ्यातल्या चाळीस गायींच्या अंगावर गाठी उठल्या, आणि महाराजांनी तत्काळ गुन्हेगार शोधून काढला. गोठ्याचा राखणदार, रखमाजी गवळी! महाराजांची बुद्धी फार तेज. झिजू नये म्हणून ते ती क्वचितच वापरत.

राजवैद्य चाचरत म्हणाले, "महाराज, हा विषाणूचा प्रताप. गायीच्या रक्तातही पहारेकरी असतात. परकं काही शिरलं की ते पकडतात. पण या वेळी..."

"तेही झोपले! रखमाजीसारखेच!" महाराज गरजले. "टाका याला तुरुंगात! जाग्या पहाऱ्यातून शत्रू आत शिरतो, हे कुणी करून दाखवलं तरच सोडीन!"

दरबाराने टाळ्या वाजवल्या. तेवढं काम दरबाराला उत्तम जमे.

रखमाजीची मुलगी भिवरा पुढे आली. "मी दाखवते. तीन दिवसांच्या आत, भर दुपारी, महालात शिरून तुमच्या डोक्यावरचा मंदिल नेते."

महाराजांनी शंभर पहारेकरी उभे केले. "अनोळखी दिसला की धरा! घंटा बडवा!"

तिसऱ्या दुपारी महाराज डोळे मिटून राज्यकारभार पाहत होते. जाग आली तेव्हा डोकं उघडं, आणि समोर शिपायाच्या पोशाखात भिवरा! एका हातात मंदिल, दुसऱ्या हातात घंटेचा लोलक.

"पहारेकरी झोपले होते?"

"छे, टक्क जागे! मी त्यांच्याच कपड्यांत आले, तर त्यांनी मला तंबाखू मागितली. विषाणूही गायीच्याच अंगचं पांघरूण घेतो. एकाने ओळखलं, घंटेकडे धावला. पण लोलक मी आधीच काढला होता. विषाणूही रक्तातली हाक अशीच दाबतो."

"म्हणजे माझे पहारेकरी बिनकामाचे!"

"नाही महाराज. आता या वेशात आले तर दारातच धरतील. बरी झालेली गायही त्या रोगाला अशीच ओळखते."

"आणि वेश बदललास तर?"

दरबार चकित झाला. महाराजांनी चक्क योग्य प्रश्न विचारला होता!

"तर पहारेकऱ्यांना बोल लावू नका. तुम्ही तरी कुठे ओळखलंत? परवापासून दासीच्या लुगड्यात तुम्हाला ताक मीच वाढतेय!"

महाराज पोट धरून हसले. हसायचं की नाही ते आता कळल्यामुळे दरबारही हसला. रखमाजी त्याच दुपारी सुटला, आणि भिवरा राजगोठ्याची कारभारीण झाली!