बारा मडक्यांची फेरी

माझं शुद्धलेखन कच्चं आहे. शाळा लवकर सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ कुठे चुकलं असेल, आणि शब्दही साधेच आहेत. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

त्या राज्यात चांगलं काही कुणी बोलून दाखवत नसे. ते साठवत असत.

हा नियम कधी पडला हे कुणाला नीट आठवत नव्हतं. एका लांबलेल्या दुष्काळात राजवाड्यातून दवंडी आली होती म्हणे, की राज्यातली नवलाई आटत चालली आहे, रोज उठून वापरली तर पुढच्या पिढ्यांना उरणार नाही. तेव्हापासून घरटी एक मडकं असे. कुणाला काही सुंदर दिसलं, कुणाविषयी माया दाटून आली, काही नवं करावंसं सुचलं, की तोंड घट्ट मिटायचं, तडक घर गाठायचं, मडक्याच्या तोंडाशी तोंड नेऊन ते आत बोलायचं आणि वर फडकं बांधून टाकायचं. रस्त्याने कुणी ओठ मिटून लगबगीने चाललेलं दिसलं की बाकीचे बाजूला होऊन वाट देत. वाईट बोलायला मात्र मडकं लागत नसे. ते पाणवठ्यावर, चावडीवर, कुठेही चालायचं.

भरलेली मडकी दर महिन्याला राजधानीच्या कोठारात जात आणि घरोघर कोरी मडकी येत. वाईट दिवसांसाठी हा साठा होता. वाईट दिवस येऊन गेलेही. एकदा साथ आली, एकदा टोळधाड आली. दोन्ही वेळा जाणती मंडळी कोठाराच्या दारापर्यंत गेली, आणि याहूनही वाईट दिवस येतील असं म्हणून परत फिरली.

डोंगराकडच्या बारा घरांची फेरी म्हाळू नावाच्या गाढवाकडे होती. पाठीच्या दोन्ही बाजूंना काथ्याच्या जाळ्या, एकीत सहा मडकी, दुसरीत सहा. चौदा वर्षं तो हेच करत आला होता. जाळ्यांच्या दोरांनी त्याची पाठ दोन ठिकाणी सोलवटून निघाली होती. जखम सुकायला लागली की पुढची फेरी येई. त्याच्याकडे मडकं नव्हतं. वाहणाऱ्याला मडकं देण्याची पद्धत नव्हती, आणि त्यालाही कधी त्याची गरज वाटली नव्हती. संध्याकाळी तो इतका दमलेला असे की चारा पुढे आला तरी आधी थोडा वेळ नुसता उभा राही.

म्हाळूची अडचण अशी होती की मडकी हलकी व्हायला लागली होती.

कोठाराच्या दाराशी एक काटा होता आणि काट्याशी मोजणीदार बगळा. तो एका पायावर उभा राहून मडकी तोली. मागच्या फेरीला काट्याचं पारडं खाली आलंच नव्हतं.

"म्हाळू, पारडं वर राहतंय," बगळा म्हणाला.

"घरांतच कमी आहे, मोजणीदार. लोक आता फारसं काही बोलत नाहीत आत."

"घरांना आम्ही ओळखत नाही. आम्ही वाहणाऱ्याला ओळखतो." बगळ्याने डोळे मिटले. "पुढच्या खेपेला पारडं टेकलं नाही, तर तुला चुन्याच्या घाणीला जुंपावं लागेल. माझा इलाज नाही."

चुन्याची घाणी राजवाड्याच्या मागे होती. दगडी चाक गोल फिरे आणि त्याखाली चुना मळला जाई. कोठाराला दरवर्षी नवी भिंत लागे, तिच्यासाठी. चुन्याची धूळ डोळ्यांत जाते. तिथे गेलेल्या जनावराला दोन पावसाळ्यांत दिसेनासं होई. म्हाळू थकलेला होता, पण डोळे जावेत इतका थकलेला नव्हता.

ही फेरी निघाली तीच या काळजीत. दहा घरांची मडकी गोळा झाली. ती जाळीत ठेवतानाच त्याला कळत होतं की काही खरं नाही. वाटेत नदीच्या उताराला दौलती नावाचं खेचर भेटलं. त्याच्या मडक्यांचा ढीग त्याच्या कानांच्याही वर गेला होता आणि चालताना आत खळखळ वाजत होतं.

"तुझ्याकडची घरं भरपूर बोलतात रे," म्हाळू म्हणाला.

दौलती हसला. "घरं कसली बोलतात. खडे आहेत. या उतारावरचेच. फडकं सोडायचं, ओंजळभर टाकायचे, फडकं बांधायचं."

"मडकं उघडायचं नसतं."

"काटा आत डोकावतो का? बगळा डोकावतो का? सगळी फेरीवाली हेच करतात. एवढ्या वर्षांत तुला कुणी सांगितलं नाही?"

"नाही."

"गाढव आहेस गाढव."

"ते आहेच," म्हाळू म्हणाला, आणि दोघेही थोडे हसले. मग दौलती खळखळत पुढे गेला.

शेवटची दोन घरं राजधानीच्या अलीकडे अर्ध्या दिवसाच्या वाटेवर होती, समोरासमोर. एकात गोदाक्का नावाची कोंबडी राही. तिच्या ओसरीवर चिंध्यांचं एक मोठं गाठोडं वर्षानुवर्षं पडून होतं. समोरच्या घरात साळिंदर राही, त्याला सगळे साळूभाऊ म्हणत. अंगावरच्या काट्यांमुळे कुणी त्याच्या जवळ बसत नसे, तोही कुणाकडे जात नसे. दोघांनी आपापलं मडकं दारात आणून ठेवलं. गोदाक्का काही बोलली नाही. ती कधीच बोलत नसे. म्हाळूच्या पाठीकडे तिने एकदा पाहिलं आणि ओठ मिटावेत तशी चोच मिटून ती आत गेली. तिला आपल्या जखमेची किळस येत असावी, असं म्हाळूला कितीतरी वर्षं वाटत आलं होतं.

पुढच्या वळणावर, बाभळीच्या सावलीत, म्हाळूने जाळ्या खाली उतरवल्या. इथे खडे पुष्कळ होते. त्याने दातांनी वरच्या मडक्याचं फडकं सोडलं आणि एक खडा तोंडात उचलला. मडकं गोदाक्काचं होतं.

आतून गोदाक्काचाच आवाज आला, अगदी हळू, भिंतीपलीकडून यावा तसा.

"म्हाळूची पाठ बघवत नाही. चिंध्यांची एक जाड गादी शिवून द्यावी त्याला, दोराखाली घालायला. रंग पण जुळवून लावीन, कडेला हिरवा. पण सुई नाही माझ्याकडे."

मग मडकं गप्प झालं.

म्हाळू तोंडात खडा धरून उभा राहिला. खडा तोंडात आहे हे त्याला बऱ्याच वेळाने कळलं. तो त्याने खाली टाकला आणि दुसरं फडकं सोडलं. यात आता खडे भरायचे नव्हते. आणखी कुणी आपल्याविषयी काही बोललं आहे का, एवढंच त्याला पाहायचं होतं.

ते साळूभाऊचं होतं. "समोर गोदाक्काच्या ओसरीवर चिंध्या पडून असतात. सुईवाचून अडलं असेल का तिचं? माझा एक काटा दिला तर चालेल तिला. दोन दिले तरी मला काय. जाऊन विचारावं म्हणतो."

समोरासमोरची दारं. मध्ये एक बैलगाडी जाईल एवढी वाट.

त्याने बाराही फडकी सोडली. त्याच्याविषयी आणखी कुणी काही बोललं नव्हतं. एका म्हशीने शेजारच्या शेळीच्या करडाविषयी म्हटलं होतं, की उशिरा चालायला लागलं पण आता उडी काय मारतं. तिकडे ती शेळी तर करडाच्या काळजीने सुकत चालली होती. विहिरीतल्या बेडकाने चार ओळींचं गाणं रचलं होतं, शेवटची ओळ जुळत नव्हती. खारीने एवढंच सांगितलं होतं, की चिंचेच्या सावलीला आज एक भोक पडलं होतं आणि त्यातून भाकरीएवढं गोल ऊन जमिनीवर ठेवलेलं होतं. काही मडकी खरोखरच रिकामी होती. एकात नुसता कुणीतरी श्वास घेतला होता, बोलायला म्हणून, आणि मग विचार बदलला होता.

सावली सरकली. खडे जिथल्या तिथे होते. म्हाळूने मडकी पुन्हा जाळ्यांत भरली. आता ती आणखी हलकी झाली होती, तरी चालताना त्याला नेहमीपेक्षा जड जात होतं. ऐकलेलं सगळं विसरू नये म्हणून तो ते मनात घोळवत चालला, घर आणि शब्द, घर आणि शब्द.

काट्याशी दौलतीचं तोलणं चाललं होतं. पारडं धाडकन टेकलं. मडकी आत नेताना एक निसटून फुटलं आणि खडे चहूकडे गडगडत गेले. नेमकं त्याच वेळी बगळ्याने उभं राहायचा पाय बदलला, आणि पाय बदलताना तो आकाशाकडे पाहत असे. शिपायाने खडे झाडूने भिंतीशी लोटले. तिथे आधीचाही ढीग होता.

मग म्हाळूची मडकी चढली. पारडं जागचं हललं नाही.

"यात काहीच नाही," बगळा म्हणाला.

"होतं. मी उघडून ऐकलं."

बगळ्याने वरच्या मडक्याचं फडकं चोचीने घट्ट ओढलं. "ऐकायचं नसतं. ठेवायचं असतं."

"कुणासाठी?"

"वाईट दिवसांसाठी."

म्हाळूने आपल्या पाठीकडे मान वळवली आणि पुन्हा सरळ केली. एवढंच. बगळ्याला ते दिसलं की नाही, सांगता येत नाही. पण तो जेव्हा बोलला तेव्हा त्याचा आवाज खाली आला होता.

"दोन खडे टाकले असतेस तर माझ्यापर्यंत हे आलंच नसतं, म्हाळू."

"खरं आहे."

"रिकामं मडकं कोठारात घेत नाहीत. ज्याचं त्याला परत करून ये. मग घाणीवर हजर हो. डोंगराची वाट आहे, तेव्हा आठ दिवस धर." आणि त्याने डोळे मिटले.

म्हाळू त्याच पावली माघारी फिरला. आठ दिवस म्हणजे काही फार नव्हेत. पळून जावं असं त्याच्या मनात येऊन गेलं, पण पळायला जी ताकद लागते ती त्याच्यात राहिली नव्हती, आणि मडकी पोचवायची राहिली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन नुकतंच वर आलेलं असताना तो त्या दोन घरांच्या मधल्या वाटेवर येऊन उभा राहिला. आधी साळूभाऊचं दार. मडकं खाली ठेवून म्हाळूने घसा साफ केला. चांगलं बोलायची त्याच्या तोंडाला सवय नव्हती.

"साळूभाऊ, गोदाक्काचं सुईवाचून अडलंय."

साळूभाऊने दाराच्या फटीतून पाहिलं. त्याचे सगळे काटे उभे राहिले, मग एकेक करून बसले. तो आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या तोंडात एक लांब काटा होता, पांढरा-काळा, बुडाला भोक पाडलेला. भोक आजचं नव्हतं. त्याच्या कडा धुळीने काळवंडल्या होत्या. त्याने वाट ओलांडली. किती वर्षांनी ओलांडली, ते त्यालाच माहीत. गोदाक्काच्या ओसरीवर काटा ठेवून तो तिथेच बाजूला बसला, कुणाला टोचणार नाही एवढं अंतर राखून.

गोदाक्का बाहेर आली. तिने काटा पाहिला, साळूभाऊला पाहिलं, मग दारातल्या गाढवाला. म्हाळूने तिच्यापुढे नुसती पाठ केली आणि तिचं मडकं तिथे ठेवून दिलं.

"तुला कुणी सांगितलं?" ती म्हणाली.

"तूच."

गाठोडं सुटलं. गादी होईपर्यंत उन्हं कलली. कडेला हिरवा लागला, एका ठिकाणी कमी पडला म्हणून पिवळा. साळूभाऊ दोऱ्याचं टोक धरून बसला होता आणि मधूनमधून "हा टाका वाकडा गेला" म्हणत होता. "मग ये की तू शीव," ती म्हणत होती. शेवटचे टाके गादी पाठीवर ठेवूनच घालायचे होते, जाळीच्या दोराला. पण गाढवाची पाठ उंच आणि कोंबडी बुटकी. तिने इकडेतिकडे पाहिलं, आपलं मडकं पायाने लोटत आणलं, उपडं घातलं आणि त्यावर चढली.

"हलू नकोस," ती म्हणाली.

म्हाळू हलला नाही. माशी कानावर बसली तरी त्याने कान हलवला नाही. समोरच्या भिंतीवर संध्याकाळचं ऊन पडलं होतं, आणि त्या उन्हात मडक्यावर उभ्या असलेल्या गोदाक्काची सावली छपरापर्यंत गेली होती, चोचीत भाल्यासारखी सुई धरलेली. म्हाळूच्या छातीत काहीतरी दाटून आलं. त्याच्याकडे मडकं नव्हतं.

"गोदाक्का," तो म्हणाला, "तुझी सावली केवढी मोठी पडलीय बघ."

गोदाक्काने बघितलं. तिची चोच घट्ट मिटली आणि सवयीने ती मडक्याचं तोंड शोधू लागली. ते तिच्या पायाखाली, जमिनीकडे होतं.