वाटीच्या तळाचं तेल

कोष्ट्यांच्या एका गावात आवडाक्का नावाची बाई राहत होती. लोकांची अंगं चोळून देणं हे तिचं काम. गावात घरोघरी हातमाग होते. सकाळी मागावर बसलेला माणूस दिवेलागणीला उठायचा तो मान धरून, खांदे धरून, कंबर धरून. बायकांना तर मागावरून उठून पुन्हा चुलीपुढे बसायचं असायचं. त्यामुळे त्या गावात न दुखणारं अंग नव्हतं आणि आवडाक्काचा हात फिरला नाही अशी पाठही नव्हती. बाळंतिणी आणि तान्ही लेकरं तर तिच्याच हवाली असायची.

हे काम तिला सासूने शिकवलं. सासूला ती आत्याबाई म्हणायची. आत्याबाई तोंडाने फटकळ होत्या, पण शिकवताना त्यांनी काही राखून ठेवलं नाही. कुठली शीर कुठे जाते, तेल किती कोमट करायचं, जोर अंगठ्याने लावायचा की तळव्याने, सगळं त्यांनी सुनेला दाखवलं. पण सगळ्यात आधी दाखवली ती तेलाची वाटी.

"वाटीत तळाला थोडं तेल राखायचं," त्या म्हणाल्या. "त्ये आपलं."

त्या गावाची रीतच तशी होती. चोळून झालं की जिचं अंग चोळलं तिने उठून बसायचं. तळाचं तेल चोळणारणीच्या कोपरावर ओतायचं आणि कोपरापासून बोटांपर्यंत तिचा हात दाबत दाबत खाली आणायचा. याला हात उतरवणं म्हणत. समजूत अशी होती, की दुसऱ्याच्या अंगातला शिणवटा चोळणारणीच्या हातात चढतो, आणि उतरवला नाही तर तिथेच घर करतो. कोपराच्या खाली प्रत्येकीची एक जागा असते. तिथे अंगठा बसला की अख्खा हात सैल सुटतो. ती जागा बाहेरून दिसत नाही. उतरवणारणीने दाबत जायचं आणि जिचा हात असेल तिने सांगायचं, "हितं." एवढंच त्यातलं शास्त्र.

"हात उतरवल्याबिगर चोळणं पुरं होत न्हाई," आत्याबाई बजावायच्या. "अर्धं काम टाकून उठू नगंस."

आवडाक्काने बरीच वर्षं ही रीत पाळली. मग एक दिवस मोडली, आणि मोडली ती चांगल्या कारणासाठी. म्हणून तर ही गोष्ट सांगायला जड जाते.

शेजारच्या तानूबाईचं मूल जन्मताच गेलं होतं. मूल गेलं तरी बाळंतिणीचं अंग चोळावंच लागतं. तानूबाई पालथी पडून रडत होती आणि आवडाक्का तिची पाठ चोळत होती. रडता रडता तानूबाईला झोप लागली. मूल गेल्यापासून ती पहिल्यांदाच झोपली होती. आता तिला हलवून उठवायचं आणि म्हणायचं, माझा हात उतरव? आवडाक्काच्याने ते झालं नाही. तिने तळाचं तेल तानूबाईच्या भेगाळलेल्या टाचांना लावलं, अंगावर पांघरूण घातलं आणि पाय न वाजवता ती घरी आली.

तिच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही हेच केलं असतं. इथवर तिचं काहीही चुकलं नाही.

पण पुढे तानूबाई हिंडूफिरू लागली आणि पाणवठ्यावर चारचौघींत म्हणाली, "आक्कासारखं मन कुनाचं न्हाई. तळाचं तेलबी माझ्याच टाचंला लावलं."

ते आवडाक्काच्या कानावर आलं आणि तिला फार गोड लागलं. दुसऱ्या घरी बाई उठून बसायला लागली तेव्हा तीच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, तुमी दमलाय." तिसऱ्या घरीही तेच. चांगुलपणाची चटक एकदा लागली की ती तंबाखूहून वाईट. तंबाखू सोड म्हणून घरचे निदान मागे तरी लागतात.

सुरुवातीला बायका आग्रह करायच्या. मग नुसतं विचारायला लागल्या, तेही पदर सावरून उठता उठता. मग विचारणंही थांबलं. तळाचं तेल जी ती आपल्याच गुडघ्यांना पुसू लागली. आवडाक्का काही दमत नाही, तिला काही लागत नाही, असं सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं. मला या गावाचा राग येतो तो इथे. कुणी तिला लुबाडलं नाही, कुणी तिचं वाईट चिंतलं नाही. एका बाईने "नको" म्हटलं आणि साऱ्या गावाला ते सोयीचं वाटलं.

हे आत्याबाईंना कळलं तेव्हा त्या अंथरुणाला खिळल्या होत्या.

"हिकडं ये," त्या म्हणाल्या. "हात आण."

"आत्याबाई, तुमचंच हात थरथरत्यात. पडून ऱ्हावा."

"थरथरत्यात तंवरच आण. थांबल्यावर काय आणतीस?"

आवडाक्का हसली आणि उलट त्यांचेच पाय चेपत बसली. आत्याबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. थोड्याच दिवसांत त्या गेल्या. बाकीच्यांची सवय केव्हाच मोडली होती, त्यामुळे नीट हात उतरवता येणारं माणूस गावात मग कुणी राहिलं नाही.

आवडाक्काला एकच मुलगी, मैना. लहान असताना ती आईच्या मागे मागे घरोघर जायची. आई दमून घरी आली की ओसरीवर तिच्यापुढे बसायची आणि विचारायची, "आई, मी उतरवू हात?"

"तू खेळ जा," आवडाक्का म्हणायची.

मैना खेळायला जायची. मग ती मोठी झाली, लग्न होऊन लांबच्या गावी गेली. आईचा हात कसा उतरवायचा हे तिला कुणी शिकवलं नाही.

इकडे आवडाक्काच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या होत्या. मग मुंग्या थांबल्या आणि तिला बरं वाटलं. पुढे पुढे चिमटीतली सुई आहे की पडली हे तिला बघूनच कळायला लागलं. तव्यावरची भाकरी उलटताना चटका बसेना. बायका म्हणाल्या, आक्काचा हात लोखंडाचा आहे. आवडाक्कालाही तसंच वाटलं. काम करून हात राकट झाले, यात काय नवल? तिला थोडा अभिमानच वाटला.

शंका आली ती एकट्या तानूबाईला. एकदा खांदे चोळून घेताना ती वळून म्हणाली, "आक्का, हात बदललाय तुमचा. दुखतंय कुठं त्ये तुमाला गावंना झालंय. दावा बघू. मी उतरवते. मला येत न्हाई, पर तुमी सांगा तसं करते."

"काय झालं न्हाई माझ्या हाताला," आवडाक्का म्हणाली. "सरळ बस."

त्या दिवशी हात पुढे केला असता तर अजून वेळ होती. पण इतक्या वर्षांनी हात पुढे करायचा म्हणजे आपल्यालाही दुखतं हे कबूल करायचं. मग पाणवठ्यावर काय बोलतील? दुसऱ्याचं दुखणं उघड्या अंगाने समोर पडलेलं असायचं, त्याची तिला कधी लाज वाटली नाही. स्वतःच्या दुखण्याची वाटली.

तिची आता एकच आस उरली होती. मैनेचं लेकरू आपल्या पायांवर घ्यावं, त्याला तेल लावावं, न्हाऊ घालावं. गावातली निम्मी लेकरं तिच्या हाताखालून गेली होती. आपलं एक जावं, एवढंच तिचं मागणं होतं.

मैना बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. सुखरूप झाली.

आंघोळीची सगळी तयारी झाली. चुलीवर हंडा चढला. आवडाक्का मोरीत पाटावर पाय लांब करून बसली. तानूबाईने बाळ आणून तिच्या पायांवर ठेवलं. आवडाक्काने तेलात बोटं बुडवली आणि बाळाच्या छातीवर ठेवली.

हाताला काहीच लागेना. नातीचं अंग मऊ आहे की नाही, ऊन आहे की गार, काहीच. तिने डोळे मिटून पाहिलं. पायांना लेकराचं वजन कळत होतं. हातांना लेकरू आहे हेच कळत नव्हतं.

हीच ती वेळ होती. तिने फक्त म्हणायचं होतं, "तानू, माझ्या हाताला कळत न्हाई, तू घे." समोर मैना उशीला टेकून बसली होती आणि आईकडे बघून हसत होती. तिच्यादेखत आवडाक्काच्याने ते म्हणवलं नाही. नुसत्या सवयीने तिचे हात बाळाच्या अंगावरून फिरत राहिले. अगदी बरोबर फिरले. बघणाऱ्याला काही कळलं नाही.

मग तिने बादलीतल्या पाण्यात हात घातला.

"आक्का, विसण घालू?" गार पाण्याची कळशी धरून तानूबाईने विचारलं.

"नगं. कोमट हाय."

पाण्यावर वाफ होती. तानूबाईला ती दिसली. पण पाण्यात आवडाक्काचा हात होता. त्या हातावर शंका कोण घेणार?

आवडाक्काने तांब्या भरला आणि रीतीप्रमाणे आधी बाळाच्या पायांवर ओतला. पाणी खाली ओघळून तिच्या स्वतःच्या पिंडऱ्यांवर आलं. हातांनी सांगितलं नाही ते पिंडऱ्यांनी सांगितलं. तोवर बाळाने जो टाहो फोडला तो साऱ्या आळीने ऐकला. त्या आळीतले माग थांबले.

मूल वाचलं. वैद्याने लेप दिले, पाय बरे झाले. पण उजव्या पावलाची बोटं एकमेकांना चिकटली ती चिकटलीच. ही पोर चालेल, पण सगळ्यांसारखी नाही, असं वैद्य सांगून गेले.

मैना आईवर ओरडली नाही. त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "आई, दे तिला हिकडं." त्यानंतर तिने बाळाला आईच्या हातात दिलं नाही. आवडाक्कानेही मागितलं नाही. ती भिंतीशी बसून राहायची. नातीला दुसरी बाई न्हाऊ घालायची आणि पाण्याचा आवाज आला की आवडाक्का कान झाकून घ्यायची. गावातून बोलावणं येईना. कुणी वाईट बोललं नाही. अंगं मात्र ज्याची त्याची दुखतच राहिली. चोळायचं कसं हे तरी आता कोण सांगणार?

मैना सासरी निघायच्या आदल्या दुपारी बाळ झोपलं होतं. आवडाक्का नेहमीसारखी भिंतीशी बसली होती. मैना वाटी घेऊन आली. वाटीच्या तळाला बाळाला लावून उरलेलं तेल होतं. ती आईपुढे मांडी घालून बसली, लहानपणी बसायची तशी.

"आई," ती म्हणाली. "हात आण."

या खेपेला आवडाक्काने नको म्हटलं नाही. तिने दोन्ही हात मुलीपुढे धरले. मैनेने तेल कोपरावर ओतलं. ते ओघळत बोटांपर्यंत आलं. आवडाक्काने ते पाहिलं, तिला ते लागलं नाही.

"कसं करायचं?"

"कोपराच्या खाली दाबत जायचं. जागा असती एक."

मैनेने अंगठा टेकवला. "हितं का?"

आवडाक्का नुसती त्या अंगठ्याकडे बघत राहिली.

"हितं?" मैना बोटभर खाली आली. मग आत सरकली, मग बाहेर. जाग्रणाने तिचे डोळे लाल होते, खांदे आखडले होते, तरी ती दाबत होती. "आई, सांग की. हितं का? का हितं?"

आवडाक्का आठवून पाहत होती. आत्याबाईंचा अंगठा कुठे बसायचा? ती जागा तिने कधी डोळ्यांनी पाहिलीच नव्हती. ती नेहमी आतून कळायची. आता आत काहीच नव्हतं. तिला वाटलं, खरं सांगावं. सांगावं की पोरी, उशीर झाला, तू दाबतीस ते मला कळतही नाही. मग तिने मैनेच्या तोंडाकडे पाहिलं. मैना किती दमली होती.

"व्हय," आवडाक्का म्हणाली. "हितंच."

मैनेच्या जिवाला जरा बरं वाटलं. त्या खोट्या जागेवर अंगठा रोवून ती मन लावून दाबत राहिली. आवडाक्का तिच्याकडे बघत बसली, आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी हातांवर पडलं तेही तिला कळलं नाही.

तात्पर्य: दुसऱ्याचा शीण उतरवणाऱ्याने आपला हातही वेळेवर पुढे करावा. ती चैन नव्हे, ते त्याच कामाचं उरलेलं अर्धं आहे. जो ते टाळतो त्याच्या दुखण्याची किंमत शेवटी त्याच्याच माणसांना मोजावी लागते. आणि ज्यांची अंगं हलकी झाली त्यांनी चोळणाऱ्याचं "नको" दर वेळी खरं मानू नये.