हत्तीला ठसका

"दरवाजा उघडणार नाही," दरवान सटवाजी म्हणाला, आणि राजा गंभीररावांच्या मस्तकात तिडीक गेली.

गडाबाहेर उभा होता पलीकडच्या राजानं तहाची भेट म्हणून पाठवलेला सागवानी हत्ती. घराएवढा, सोंडेपासून शेपटीपर्यंत रंगवलेला. त्याच्यापाशी, जरा लांबवर, तो घेऊन आलेला दूत थांबला होता. राजे त्याच्यावर बघताक्षणीच भाळले होते.

"महाराज, हत्ती पोकळ आहे म्हणतात," सटवाजी हळूच म्हणाला. "मग तो ओढताना बैलांच्या तोंडाला फेस का आला? आत माणसं असणार."

"सागवान जड असतं, गाढवा! नुसता संशय बोलून दाखवला तरी दूताचा अपमान होईल आणि उद्या लढाई जुंपेल. हत्तीला हात न लावता, दूताला न दुखवता सिद्ध कर. नाहीतर दिवेलागणीला हत्ती गडावर आणि तू कड्याखाली."

बापाची भाकरी घेऊन आलेल्या सटवाजीच्या मुलीनं, गोजरानं हे ऐकलं. तिनं हत्तीकडे नीट पाहिलं. पोटाखाली बारीक फटी होत्या. तिनं डोळे पुसले आणि पुढे होऊन दूतालाही ऐकू जाईल असं ती म्हणाली,

"महाराज, एवढा देखणा पाहुणा अख्ख्या खोऱ्यातून मिरवत आलाय. कुणाकुणाची नजर लागली असेल. आत घेण्याआधी दृष्ट काढू द्या की."

मानाच्या गोष्टीला दूत नाही कसा म्हणणार? "जरूर काढा," तो म्हणाला.

गोजरानं निखाऱ्यांचं घमेलं काठीनं हत्तीच्या पोटाखाली सरकवलं. सूपभर मिरच्या, मीठ, मोहरी घेऊन हत्तीभोवती फिरली. "आल्यागेल्याची, वाटेवरच्याची, लागली असेल ती जळून जावो," असं पुटपुटत तिनं सगळं निखाऱ्यांवर ओतलं. लोक नाकाला पदर लावून लांब पळाले. दूताचा चेहरा मात्र उतरला.

आधी हत्तीच्या पोटात कुणीतरी हळूच खाकरलं. मग मागचा पाय खोकला. मग अख्खा हत्तीच गदगदा हलायला लागला, पोटाची फळी खाडकन उघडली आणि तलवारी टाकून, डोळे चोळत शिपाई धबाधबा खाली पडले. पहारेकऱ्यांनी त्यांच्याबरोबर दूतालाही बांधलं.

राजे थक्क. गोजरानं हात जोडले. "काळजी नको, महाराज. मिरच्या जळूनही ठसका लागला नाही, तरच दृष्ट खरी. तुमच्या हत्तीला बघा कसा झकास ठसका लागला!"

राजे पोट धरून हसले. "आणि पोरी, लागलाच नसता तर?"

"तर दृष्ट जबर आहे म्हणून आणखी एक सूप ओतलं असतं."

राजांनी हसत हसतच हातातलं सोन्याचं कडं काढून गोजराच्या हातात घातलं. किल्ल्या सटवाजीच्याच कमरेला राहिल्या, आणि हत्तीच्या सागवानाचा गडाला नवा दरवाजा झाला.