पालथे घमेले

फार जुनी गोष्ट नाही, पण तिच्यातली मोटार मात्र फार जुनी होती. एका सकाळी दस्तगीर मिस्त्रींनी तिच्या रेडिएटरमधले जुने कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, गॅरेजच्या घमेल्यात काढले, नवे भरले आणि ते चहाला गेले. त्याच घमेल्यात गल्लीतली टिपकी कुत्री रोज पाणी पीत असे.

टिपकी आली, तिने वास घेतला. "अरे वा, घमेलेदादा! आज सरबत?"

"पिऊ नकोस. गोड आहे, पण विष आहे."

"रोज गढूळ पाणी पाजतोस आणि गोड आलं की विष होय? कंजूष कुठला!"

घमेले मोटारीला म्हणाले, "बाई, हॉर्न वाजव. मिस्त्रींना बोलव."

"माझ्यातून निघालं, आता माझा काय संबंध?"

"दोन वर्षं यानंच तुझं इंजिन जपलं. तुझं नाही, तर मग कुणाचं? टिपकीचं?"

टिपकीने जीभ बाहेर काढली, तोच मोटारीचा हॉर्न कोकलला आणि थांबेचना.

मिस्त्री धावत आले. घमेल्याकडे पाहून त्यांचा चेहरा उतरला. टिपकीला हाकलून त्यांनी कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरले, वर 'विष' असे लिहिले आणि टाकाऊ रसायने नेणाऱ्या गाडीसाठी कुलपात ठेवले. टिपकीसाठी मातीचे नवे भांडे आले. विष लागलेले घमेले भिंतीशी कायमचे पालथे पडले.

टिपकी आजही पाणी पिऊन झाले की त्याच्याकडे बघून म्हणते, "कंजूष कुठला!"

ती रोज येते, एवढे घमेल्याला पुरते.